हत्तींचं प्रकरण

तारळेकरांनी पेटी उघडली तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. पत्र्याची जुनी पेटी, आत कापसाचे थर, आणि प्रत्येक थरात बोटाच्या पेराएवढे शिपाई झोपवलेले. एकेक उचलून ते टेबलावर मांडत होते. मी हातातला कागद उलगडला आणि मोजायला लागलो. बाकीच्या टेबलांवर मी नुसती नजर टाकून सह्या ठोकत आलो होतो. इथे मात्र एकेक स्वार, एकेक तोफ बघायची, हे मी घरून निघतानाच ठरवलं होतं.

"यंदा तुम्ही पंच का, मोघे?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी हो म्हणालो. इतक्या दिवसांनी आलात, बरं वाटलं, असंही म्हणालो. त्यातलं दुसरं वाक्य खोटं होतं.

या गोष्टीला आता दहा-बारा वर्षं होऊन गेली. सांगलीत आमचं एक छोटं मंडळ आहे, टेबलावर लढाया खेळणाऱ्यांचं. अठराव्या शतकातल्या दख्खनच्या फौजा, शिशाचे शिपाई, पुठ्ठ्याचे डोंगर, अंतर मोजायला शिंप्याची टेप आणि नशिबाला फासे. पौषात लग्नं नसतात, कार्यालयं स्वस्तात मिळतात, म्हणून आमची स्पर्धा पौषात. प्रत्येकानं हजार गुणांत बसेल अशी फौज ठरवायची आणि तिची यादी आधी पाठवायची. स्वाराला इतके गुण, तोफेला इतके, हत्तीला सगळ्यांत जास्त. शिवाय अटी. त्यातली एक अशी, की दर तोफेमागे ती ओढायला एक बैलजोडी हवीच.

पूर्वी या याद्या आम्ही हातानं तपासायचो आणि त्यावरून दरवर्षी भांडणं व्हायची. मग हेरंब खांबेटेनं प्रोग्रॅम लिहिला. हेरंब माझा शाळेपासूनचा मित्र आणि मंडळाचा चिटणीस. यादी आत घातली की हिरवी पट्टी, नाहीतर लाल. वादच मिटला.

तो प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला त्या वर्षी, म्हणजे मी पंच झालो त्याच्या तीन वर्षं आधी, अंतिम सामना माझा आणि तारळेकरांचा होता. उमेश तारळेकर कराडकडे जनावरांचे डॉक्टर. अबोल माणूस, पण खेळायला भारी. त्यांची फौज मी तोंडपाठ केली होती, तरी जिंकायची आशा नव्हती. सामना सुरू होण्याआधी हेरंबनं हौसेनं दोघांच्याही याद्या प्रोग्रॅममध्ये घातल्या आणि प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवल्या. माझी हिरवी आली. त्यांची लाल. चार तोफा आणि बैलजोड्या दोनच. हातानं तपासताना जे निसटलं ते मशीननं पकडलं, असं कुणीतरी म्हणालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तारळेकर म्हणत होते की हत्तींचं प्रकरण बघा. हेरंबनं सांगितलं की सगळी नियमावली आत भरलेली आहे, वेगळं बघायची गरज नाही. डॉक्टर बाद झाले, करंडक मला मिळाला. मलाही तेव्हा वाटलं, चांगला माणूस समजत होतो, निघाला लबाड.

तसं वाटायला मला वेळ लागत नाही. मी मोटार विम्याचा सर्व्हेयर. ठोकलेली गाडी बघून नुकसान खरं की बनाव हे सांगणं, हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. खोटा दावा केलेला माणूस पुन्हा कधीतरी करतोच, हा माझा अनुभव. म्हणून तीन वर्षं न फिरकलेल्या तारळेकरांचं नाव यंदाच्या खेळाडूंत दिसलं, तेव्हाच मी हेरंबला म्हणालो होतो की यांचं टेबल मी बघतो. तो म्हणाला होता, "एवढं काय त्यात."

तर मी मोजत होतो. तोफा कागदावर चार, टेबलावर चार. बैलजोड्या कागदावर चार होत्या, टेबलावर दोन. स्वार कागदावर होते त्याहून बरेच कमी. आणि कापसाच्या शेवटच्या थरातून डॉक्टरांनी दोन हत्ती काढले. अंगावर लाल झुली, सोंडेवर बारीक पांढरी नक्षी. कागदावर हत्तीच नव्हते.

सापडला, असं मला वाटलं. यादी एक पाठवायची आणि फौज दुसरीच आणायची. खरं सांगायचं तर आतून मी खूशच झालो. पण चार माणसांत तमाशा नको म्हणून मी त्यांना भटारखान्याच्या दाराशी बोलावलं आणि कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावून तो वाचला. परत वरून वाचला.

"ही यादी माझी नाही," ते म्हणाले.

सही माझी नाही, गाडी मी चालवत नव्हतो, फोटो दुसऱ्याच गाडीचा आहे. अशी वाक्यं ऐकण्यातच माझा जन्म गेलाय. त्यांनी फोन काढून स्वतः पाठवलेली यादी दाखवली. चार तोफा, दोन बैलजोड्या, दोन हत्ती. त्याखाली मंडळाचं उत्तर होतं की आपली यादी तपासून मान्य करण्यात आली आहे. फोनमध्ये काय, कुणीही काहीही घालून आणू शकतं, असं मी जरा आडवळणानं बोलून दाखवलं.

ते चिडले नाहीत. "मग तुमच्या मशीनलाच विचारा," एवढंच म्हणाले. "त्याच्यावर तर तुमचा विश्वास आहे."

पण त्यांच्या फोनवरची ती यादी बघताना मला एक गोष्ट खटकली. ही तीच फौज होती. तीन वर्षांपूर्वी मी पाठ केलेली, शेवटच्या स्वारापर्यंत तीच.

हेरंब स्टेजवर होता, एरवी जिथं नवरानवरीच्या खुर्च्या मांडतात तिथं, लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं की तारळेकरांची यादी आणि फौज जुळत नाहीये. त्यानं मी दाखवलेल्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. किरकोळ फेरफार आहे, डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं, असं म्हणत टेबलाखालून मिठाईचा खोका काढला. आत टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेल्या मंडळाच्या दोन बैलजोड्या होत्या.

"हे दे त्यांना. चालवून घेतील."

मी त्याला बैलांचं काही बोललोच नव्हतो.

तोपर्यंत माझा सगळा संशय डॉक्टरांवर होता. त्या मिठाईच्या खोक्यापाशी तो पहिल्यांदा हलला. मी म्हणालो, त्यांची मूळ यादी उघडून दाखव. हेरंब म्हणाला, हिरवी आहे ना, मग कशाला, लोक खोळंबलेत. आणि बोलता बोलता त्यानं लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. गाडीचं बॉनेट असं हलकेच लावून टाकणारे मालक मी पुष्कळ बघितले आहेत.

मी डॉक्टरांना स्टेजवर बोलावलं आणि हेरंबला सांगितलं, त्यांच्या फोनवरची यादी माझ्यासमोर आत घाल. त्यानं घातली. एरवी भराभर चालणारी त्याची बोटं त्या दिवशी अक्षरं शोधत होती. शेवटी पट्टी आली. लाल. तोफा चार, बैलजोड्या दोन, यादी नियमबाह्य.

डॉक्टर बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "म्हणजे मान्य झालीच नव्हती," ते म्हणाले, आणि मग तीन वर्षांपूर्वीचंच वाक्य जसंच्या तसं. "हत्तींचं प्रकरण बघा कुणीतरी."

हेरंबनं मला बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. यादी चुकीची आली, लाल झाली. या माणसाला परत एकदा सगळ्यांसमोर घरी पाठवायचं त्याच्या जिवावर आलं. म्हणून हत्ती काढून त्यानं त्या जागी बैल घातले, उरलेल्या गुणांचे स्वार घातले आणि यादी मान्य करून टाकली. "उपकारच केलेत म्हण," तो म्हणाला.

मला ते जवळजवळ पटलं. हेरंब तसा मऊ आहे. पण मग उपकार ज्याच्यावर केला त्याला एका शब्दानं कळवला कसा नाही? आणि डॉक्टरांचं काय? लबाड माणूस एकदा पकडला गेला की पुढच्या वेळी नवी युक्ती काढतो. तीच काच त्याच जागी फोडून परत दावा लावणारा मला आजवर भेटला नव्हता. एकतर हा माणूस मूर्ख होता, नाहीतर त्यात चूकच नव्हती.

नियमावली कपाटात होती, झेरॉक्स काढून स्पायरल घातलेली. ती घेऊन मी भटारखान्याच्या दाराशी आलो. आत उपीट परतत होते. हत्तींचं प्रकरण अगदी शेवटाकडे आहे. हत्ती फार महाग म्हणून कुणी घेत नाही, आणि कुणी घेत नाही म्हणून ते प्रकरण कुणी वाचत नाही. मीही कधी वाचलं नव्हतं. हत्ती बिथरला तर काय, माहूत पडला तर काय, असं करत करत पान उलटलं आणि पहिल्याच ओळीला थांबलो. ज्या सरदाराकडे हत्ती असेल त्याने तो तोफ ओढण्याच्या कामी लावल्यास एक हत्ती एका बैलजोडीच्या जागी धरावा.

चार तोफा. दोन बैलजोड्या. दोन हत्ती.

मी ते पुस्तक नेऊन हेरंबच्या लॅपटॉपवर उघडं ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. हेरंबनं माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. खाली काय लिहिलंय ते त्यानं वाचलं नाही. पहिल्यांदा बघणारा माणूस वाचतो.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

डॉक्टर खाली आपल्या टेबलाशी जाऊन बसले होते, त्यांना ऐकू येत नव्हतं. मग हेरंब हळू आवाजात बोलायला लागला. त्या स्पर्धेनंतर त्याच महिन्यात त्यानं नियमावली पुन्हा चाळली होती. हत्तींचं प्रकरण आत भरायचं राहिलंय हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तोवर करंडक देऊन झाला होता, वर्तमानपत्रात फोटो येऊन गेला होता.

"निदान प्रोग्रॅम तरी गुपचूप दुरुस्त करायचास."

"तो केला असता तर त्यांची तीच यादी यंदा हिरवी झाली असती. मग तेव्हा लाल का झाली? त्यांना तेवढंच तर विचारायचंय. म्हणून तर तीच पाठवली त्यांनी." त्यानं खाली डॉक्टरांच्या टेबलाकडे पाहिलं. "आणि लाल राहू दिली असती तर त्यांनी सगळ्यांसमोर पुस्तक मागितलं असतं. मी काय करणार होतो, शिऱ्या? आणि करंडक तुझ्या घरात आहे. मी माझ्या एकट्यासाठी गप्प नाही बसलो."

मी इतकंच म्हणालो की तू स्वतः उठून सांग, नाहीतर मी सांगतो.

हेरंब उठला. कार्यालयाचा माइक होता, तो घेऊन त्यानं सांगितलं की हत्तींबद्दलचा एक नियम प्रोग्रॅममध्ये घालायचा राहिला होता, डॉक्टर तारळेकरांमुळे तो आज लक्षात आला. तीन वर्षांपूर्वीचा निर्णय चुकीचा होता. मंडळाच्या वतीनं त्यानं माफी मागितली. चांगलं बोलला. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, बहुतेक त्याच लोकांनी.

आज लक्षात आला, असं तो म्हणाला. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. तिथल्या तिथे मी तोंड उघडू शकलो असतो. पण हा आणखी कुठवर जातो ते मला बघायचं होतं. गाड्या बघता बघता लागलेली ही सवय काही चांगली नव्हे.

डॉक्टरांनी फक्त एकच मागणी केली. प्रोग्रॅम आत्ता दुरुस्त करा आणि माझी यादी परत घाला. पहिली फेरी तशीच थांबवून हेरंब कामाला लागला. लोक स्टेजभोवती जमले, कुणी हातात उपिटाच्या बशा घेऊन. दुरुस्ती फार मोठी नव्हती. यादी आत गेली आणि भिंतीवर हिरवी पट्टी उमटली. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. डॉक्टरांनी फोन काढून त्या भिंतीचा फोटो घेतला.

मग ते बोलले. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांचा रोख आमच्यापैकी कुणावरच नव्हता. त्यांची मुलगी ऋतुजा तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी बरोबर आली होती, अकरा वर्षांची. हत्ती तिनं रंगवले होते. टाळ्या वाजल्या तेव्हा ती मागच्या खांबापाशी बसली होती. परत जाताना कराड येईपर्यंत एसटीत ते तिला समजावत होते की पुस्तकात आहे, मी चुकलेलो नाही.

"ती म्हणाली, पण बाबा, कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल." त्यांनी फोन या हातातून त्या हातात घेतला. "त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. ब्रशला हातही लावला नाही. पण मी घरात काहीही सांगितलं, की आधी माझ्याकडे बघते आणि मग आईकडे. खरं आहे का म्हणून."

यंदाच्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मान्यतेचं उत्तर तिला दाखवलं होतं. ती बरं म्हणाली होती.

बोलून झाल्यावर त्यांनी नंबर लावला. "ऋतू, थांब हं, एक काका बोलतायत," असं म्हणून फोन हेरंबपुढे धरला. "मी सांगून उपयोग नाही," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

हेरंबनं फोन घेतला. मी खांबेटेकाका, प्रोग्रॅम मी लिहिला होता, असं त्यानं सांगितलं. त्यात चूक माझी होती आणि तुझे बाबा बरोबर होते, तेव्हाही आणि आजही. पलीकडून काही बोलणं झालं नसावं, कारण तो तेच पुन्हा एकदा, जरा सावकाश म्हणाला. मग तो ऐकत राहिला. ती काहीतरी विचारत होती. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण हेरंबनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मला प्रश्न कळला. मीही तोच विचारला होता.

'आजच कळलं' असं म्हणून तो मोकळा होईल असं मला वाटलं. किती सोपं होतं. माइकवरून सांगून झालंच होतं. चौदा वर्षांच्या मुलीला तेवढं उत्तर पुरलं असतं, आणि मी तिथं काही बोलणार नाही हे तो ओळखून होता.

"तेव्हाच," हेरंब म्हणाला. "त्याच महिन्यात कळलं होतं मला." पुन्हा ऐकत राहिला. "नाही. कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या बाबांचे दोनदा फोन आले होते, तेव्हाही खोटंच बोललो."

मागे कुणीतरी बशी खाली ठेवली. डॉक्टर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनाही ते आत्ताच कळत होतं. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला, सवयीनं, पण त्यातून मला काही वाचता आलं नाही. हेरंब आणखी थोडा वेळ ऐकत होता. शेवटी हो म्हणाला आणि त्यानं फोन परत दिला.

"ऐकलंस ना?" डॉक्टर फोनमध्ये म्हणाले. मग जरा वेळानं, "बरं, ठेवतो. खेळ सुरू व्हायचाय." हेरंबला ते काही बोलले नाहीत. खाली उतरून आपल्या टेबलाशी गेले आणि तोफांमागे हत्ती उभे करायला लागले. त्या दिवशी दुसऱ्याच फेरीत ते हरले. एक हत्ती बिथरून त्यांच्याच गारद्यांवर गेला. ते मोठ्यानं हसले, तेव्हा हॉलमधली बरीच माणसं वळून बघायला लागली.

हेरंबनं चिटणीसपद त्याच दुपारी सोडलं. संध्याकाळी आवराआवर झाल्यावर तो पार्किंगमध्ये स्कूटरपाशी घुटमळत होता. मी रिक्षानं जाईन असं त्यानं धरलं असावं. मी नेहमीसारखा मागे बसलो. विश्रामबागला माझ्या फाटकाशी मी उतरलो, तरी त्यानं गाडी वळवली नाही.

"ती शेवटी काय म्हणाली ते नाही विचारलंस," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"थँक्यू म्हणाली रे," हेरंब म्हणाला, आणि स्कूटर चालूच ठेवून कितीतरी वेळ तिथंच बसून राहिला.